आधी वजन, मग उंची

डेन्व्हरच्या आसपास नुसती पिकअप असून भागत नाही, ती उंच असावी लागते. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या दारात, अगदी मराठी मंडळाच्या गणपतीला आलेल्या गाड्यांतही तीन-चार इंच उचललेली एखादी असतेच. आमची २०१९ची टोयोटा टॅकोमा त्यांच्याशेजारी खुजी दिसायची. त्याचं मला काही नव्हतं. मला लिफ्ट किट हवं होतं ते वेगळ्याच कारणासाठी: सहलीचं सामान भरलं की गाडी मागून बसायची. मागून दबली की पुढून नाक वर, त्यामुळे रात्री समोरचे ड्रायव्हर डिपर मारून मारून हैराण करायचे.

खरा त्रास व्हायचा तो अल्पाइन लूपवर. सॅन हुआन डोंगरातल्या लेक सिटी, सिल्व्हरटन आणि यूरे या गावांना जोडणारा हा सुमारे ६५ मैलांचा रस्ता मुळात एकोणिसाव्या शतकातल्या खाणवाल्यांनी खनिज वाहून न्यायला काढलेला. इंजिनियर पासला तो १२,८०० फुटांवर जातो. तिथे दगडांच्या पायऱ्या उतरताना आमचा मागचा ॲक्सल थेट बंपस्टॉपवर आदळायचा आणि मागे बसलेली मुलं छताला टेकायची.

मंडळातल्या एका मित्राने लगेच सल्ला दिला, "स्पेसर टाक, तीन इंच उचल, विषय संपला." स्पेसर म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची चकती. सस्पेन्शनच्या तरफेमुळे एका इंचाची चकती गाडी जवळजवळ दोन इंच उचलते. काम स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचं. पण स्प्रिंग तीच आणि शॉकअपही तेच राहतात. शिवाय खड्ड्यात चाक खाली लोंबलं की बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट कंपनीने आखलेल्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. बॉडी लिफ्टमध्ये तर फक्त चेसिस आणि बॉडी यांच्यातलं अंतर वाढतं, सस्पेन्शनला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या दुखण्यावर दोन्ही औषधं निरुपयोगी होती.

मग पूर्ण किट बघायला लागले. पुढे नवे स्प्रिंग-शॉकअप, मागे नवे पाटे. या भागात दुकानं मुबलक आणि प्रत्येक विक्रेता इंचांतच बोलतो. ऑफ-रोड गाड्यांचं काम करणाऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने मात्र मी "किती इंच मिळतील?" विचारल्यावर उलट विचारलं, "वजन किती आहे?" मला सांगता येईना. म्हणाला, "मग मी स्प्रिंग कुठली देऊ?"

त्याचं बरोबर होतं. ओल्ड मॅन एमूसारख्या ऑस्ट्रेलियन किटमध्ये एकाच गाडीसाठी पुढच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या असतात: साध्या बंपरची, लोखंडी बंपरची, बंपर आणि विंच दोन्हींची. मागच्या पाट्यांचंही तसंच, हलका भार, मध्यम, जड. जड भाराची स्प्रिंग हलक्या गाडीला लावली तर गाडी हवी त्यापेक्षा जास्त उचलली जाते आणि रिकामी असताना टणाटण उडते. हलकी स्प्रिंग जड गाडीला लावली तर पैसे देऊन घेतलेले इंच सामानासोबत परत खाली.

तेव्हा सगळं सामान भरून, घरातल्या सगळ्यांना बसवून गाडी महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर नेली. तिथे साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांना असतो तसा वजनकाटा असतो, फक्त तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतो. अठराचाकी ट्रकांच्या रांगेत आमची टॅकोमा पाहून आतली बाई हसली. पावती बघून मात्र मला हसू आलं नाही. गाडीची एकूण परवानगी ५,६०० पौंड आणि आम्ही त्याच्या काठावर. लिफ्ट किटने उंची वाढते, ही परवानगी वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला भार तोच राहतो, पाटे कितीही जाड घाला.

घरी यादी करत बसलो. छतावरचा तंबू दीडशे पौंडांचा. दहा गॅलन पाणी म्हणजे त्र्याऐंशी पौंड. नवरा म्हणाला, "अगं, या तंबूपायीच जड पाटे घ्यावे लागतायत." तंबू विकला. साधा जमिनीवरचा तंबू पंधरा पौंडांत बसतो.

त्यानंतर निवड सोपी झाली. मागे मध्यम भाराचे पाटे, कारण वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी रिकामीच ऑफिसला जाते. गावाकडे टेंपोवाले करतात तसा जुन्या पाट्यांत एक जादा पाटा घालायची सोय इथेही आहे, स्वस्तही पडते. पण जुने पाटे दमलेले होते आणि जादा पाट्याने रिकामी गाडी दणके देते, म्हणून अख्खा संच नवा घेतला. पुढे दोन इंच. अडीच-तीनच्या पुढे गेलं की चाकांचा कॅस्टर कोन जमेनासा होतो आणि वरचे कंट्रोल आर्म बदलण्याचा खर्च वाढतो. दुसरं कारण सासूबाईंचे गुडघे. त्या उन्हाळ्यात इथे असतात आणि चढायला आधीच पायफळी लागते.

टायर २६५/७० आर १७ घेतले, आधीच्यांपेक्षा एक इंच उंच. मागच्या ॲक्सलचा गोळा दगडापासून वर जातो तो फक्त टायरमुळे, अर्धा इंच. लिफ्ट किट त्या गोळ्याला तसूभरही उचलत नाही, आणि हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्टच्या आसपास असते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतली आणि हेडलाइटचा रोख खाली आणला. काचेमागच्या सुरक्षा कॅमेऱ्याचीही तपासणी करून घेतली. मायलेज थोडं घटलं. पाचशे मैलांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. बंपस्टॉपचा दणका थांबला.

तुम्ही किट घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी गाडी माणसांसकट, सामानासकट काट्यावर चढवा आणि दोन्ही ॲक्सलचे आकडे लिहून घ्या. ते आकडे न विचारता किट विकणाऱ्याकडून घेऊ नका.