पाण्याची खूण

बदलीच्या गावी घर शोधणारा मनुष्य भाडे, नळ आणि शेजार पाहतो. कुरुंदवाडला मी भिंतीही पाहू लागलो. येथून जवळच, नृसिंहवाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी तुंबते आणि गावात शिरते. २००५, २०१९, २०२१ : घरमालक या सालांच्या खुणा हाताने दाखवतात, जणू मुलाची वाढती उंचीच सांगताहेत.

घाटाजवळचे घर प्रशस्त होते, स्वस्तही. आईला तेथून नदी दिसली असती. पण गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. रात्री पाणी आले तर? मी उंचवट्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्या घेतल्या.

आई म्हणाली, "इथून नदी दिसत नाही रे."

म्हटले, "तिलाही आपण दिसत नाही, आई."