आजार नोकरीतला की घरातला

2006 साली हे फौजेतून कायमचे घरी आले. ट्रंकेत डिस्चार्ज बुक होतं, पेन्शनचे कागद होते, मेडलं होती आणि एका कापडी पिशवीत महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या. कागदावर लिहिलं होतं की पायदळात 17 वर्षं नोकरी झाली आणि वैद्यकीय श्रेणी कायमची खालावल्यामुळे मुदतीआधी सेवामुक्त केलं. त्याखाली मेडिकल बोर्डाचा शेरा होता : आजार लष्करी नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही. त्या एका शेऱ्यावर साधी पेन्शन बसली आणि अपंगत्वाची नाकारली गेली.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो. निवृत्त हवालदाराला सगळं गाव मेजर म्हणतं, पण मेजरना काय झालंय हे तोंडावर कुणी विचारत नाही. हे सगळं लिहायला ह्यांनी संमती दिली, म्हणूनच लिहिते आहे.

आमचं लग्न 1994 साली झालं. तेव्हाचे हे म्हणजे सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी तालमीत जाणारे, भजनाला टाळ धरणारे, माझ्या सासूबाईंना चुलीपुढून उठवून स्वतः भाकरी थापायला बसणारे. पुढे काश्मीरला कुपवाडा भागात पोस्टिंग झालं. तिथून आलेला माणूस जेवायला बसताना दाराकडे तोंड आणि भिंतीला पाठ करून बसू लागला. रात्री दोन-तीनदा उठून कड्या तपासायच्या, गोठ्यात बॅटरी मारून यायची, माळवदावर जाऊन रस्त्याकडे बघत बसायचं. झोपेतून उठवायचं तर अंगाला हात लावायचा नाही, पायाकडच्या बाजूला लांब उभं राहून नावानिशी हाक मारायची, हे मी आणि मुलीने हळूहळू शिकून घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिली माळ वाजली की हे उसात निघून जायचे आणि गाव झोपल्यावर परत यायचे. लेक तेव्हा लहान होती. तिला उचलून घ्यायचे नाहीत. मला वाटायचं मुलगी झाली म्हणून असेल, आणि ते मी मनात फार वर्षं ठेवलं.

खरं कारण ह्यांच्या पलटणीतल्या एका मित्राकडून कळलं. गस्तीवर ह्यांच्या पुढे चालणाऱ्या जवानाचा पाय सुरुंगावर पडला होता. त्याला खांद्यावर घेऊन हे उतरणीने खाली आले. खाली पोचेपर्यंत तो गेलेला होता. ह्यांनी स्वतः ती गोष्ट मला सांगितली ती कितीतरी वर्षांनी, आणि तीही एका वाक्यात.

तर बोर्डाने आजार नोकरीशी जोडला का नाही? कारण पहिल्यांदा दवाखान्यात भरती झाले तेव्हा हे काश्मीरमध्ये नव्हते. तिथला काळ संपवून पलटण शांततेच्या ठिकाणी आली होती. कुटुंबासाठी क्वार्टर होतं, सकाळी पीटी, संध्याकाळी खेळ. आजार तिथे सुरू झाला, सबब नोकरीच्या ताणाचा संबंध नाही, आजार अंगभूत आहे, असा बोर्डाचा हिशेब. मी त्या क्वार्टरमध्ये राहिलेली बाई आहे. सीमेवर माणसाला कोसळायला सवड नसते. हातात रायफल असते, बाजूला जोडीदार असतात, रात्रीच्या ड्युटीची वेळ ठरलेली असते. जाग आणि सावधपणा हेच तिथलं काम असतं. ते काम थांबलं, पलंगावर निवांत झोपायची परवानगी मिळाली आणि मग सगळं वर आलं. आजार कुठे दिसला हे बोर्डाने पाहिलं, तो कुठून निघाला हे पाहायला हवं होतं. कमांडिंग ऑफिसरचा अहवाल मागवला गेला, माझ्याकडे मात्र कुणी काही विचारलं नाही. रात्री काय होतं हे मला ठाऊक होतं. कुपवाड्याच्या आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस, दोघांनाही मीच पाहिलं होतं.

फौजेत तब्येतीची श्रेणी पाच इंग्रजी अक्षरांनी लिहितात आणि पहिलं अक्षर मनाचं असतं. ते खाली गेलं की सहसा हत्यार हातात देत नाहीत, पहाऱ्यावर उभं करत नाहीत. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पायदळातल्या माणसाकडून हत्यार काढून घेतल्यावर त्याच्याशी बोलायला कुणीतरी हवं. ह्यांना स्टोअरमध्ये कांबळी मोजायला बसवलं. बरोबरीचे कोणी नाटक म्हणाले, कोणी कामचुकार. बढतीची आशा संपली. हे बघून बाकीचे जवान काय शिकतात? झोप येत नाही हे डॉक्टरला सांगायचं नाही, एवढंच शिकतात. ह्यांच्या वयाच्या किती जणांनी ते दाबून ठेवलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांवर काढलं, ते आमच्याकडच्या बायका एकमेकींना सांगतात, बाहेर बोलत नाहीत.

माजी सैनिकांसाठी सरकारची आरोग्य योजना, ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. ती नसती तर आमचं काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन तिच्यावरच झालं. पण मनाच्या आजाराला ती योजना तोकडी पडते, हे आम्ही भोगलं. आमच्या पॉलिक्लिनिकला मनोविकारतज्ज्ञ नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी रेफरल द्यायचं, ते घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात जायचं, तिथल्या तज्ज्ञाने लिहिलेली गोळी घ्यायला पुन्हा पॉलिक्लिनिकला यायचं. गोळी आली नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’ असा शिक्का. मग बाहेरून विकत घ्या, बिल जोडा, वाट पाहा. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकली तर काय होतं ते डॉक्टर समजावून सांगतात. मनाच्या गोळीत खंड पडला की घरात काय होतं ते आम्हालाच कळतं. रुग्णालयातला तज्ज्ञ दर खेपेला वेगळा. झोप लागते का, भूक लागते का, वाईट विचार येतात का, एवढं विचारून मागचीच औषधं पुढे लिहायची. रांग मोठी असायची, त्यांचाही नाइलाज असेल. पण इतक्या वर्षांत कुपवाड्याचं नाव एकाही डॉक्टरच्या तोंडून निघालं नाही.

कँटीनची दारू मात्र दर महिन्याला कोट्याप्रमाणे मिळायची, तिला रेफरल लागायचं नाही. हे मी रागाने लिहिते आहे. ज्याच्या कागदावर नैराश्याचा शेरा आहे त्याच्या कार्डावर रमच्या बाटल्या द्यायच्या आणि त्याला समुपदेशक द्यायचा नाही, हे ज्या व्यवस्थेत चालतं तिने ते थांबवायला हवं. आमच्याकडे ते मी थांबवलं. कार्ड माझ्या कपाटात ठेवलं आणि त्यापायी घरात जे व्हायचं ते झालं.

अपंगत्व पेन्शनचं प्रकरण आम्ही सोडून दिलं होतं. पहिलं अपील नामंजूर झालं होतं, उत्तरात बोर्डाचंच वाक्य परत आलं होतं. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका जुन्या सुभेदारसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि धरमवीर सिंग खटल्याचा निकाल वाचायला दिला. सुप्रीम कोर्टाने तो जुलै 2013 मध्ये दिला होता. धरमवीर सिंग 1985 साली सिग्नल्समध्ये भरती झाले, 1994 साली फेफऱ्याच्या आजारावरून त्यांना बाहेर काढलं, पेन्शन नाकारली. कोर्टाने 1982 चे नियम उलगडून सांगितले : भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतलेल्या माणसाच्या कागदावर तेव्हा आजाराची नोंद नसेल, तर नंतरचा आजार नोकरीत उद्भवला असंच धरून चालायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. संशयाचा फायदा सैनिकाला. बोर्डाला उलट म्हणायचं असेल तर त्याने कारणं लिहायला हवीत.

मी रात्री स्वयंपाकघरात बसून तो निकाल वाचला. ह्यांच्या बोर्डाच्या कागदात कारण म्हणून एक ओळसुद्धा नव्हती. भरतीच्या फॉर्मवर मात्र डॉक्टरने सही करून लिहिलं होतं की उमेदवार सर्व दृष्टीने योग्य.

आम्ही मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज केला. वकिलांची फी, तारखा, शाळेच्या रजा, त्याचं वर्णन करत नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. बोर्डाने अपंगत्व 30 टक्के ठरवलं होतं, नियमाप्रमाणे ते 50 टक्के धरून पेन्शन बसली. थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच, त्यामागची बुडाली. अशा निकालांवर सरकार पुष्कळदा वर अपील करतं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही सैनिकांविरुद्धची अशी भांडणं कमी करा असंच सुचवलं होतं. आमच्या बाबतीत अपील झालं नाही, पण होईल या धास्तीत एक आख्खा पावसाळा गेला.

निकालाचा कागद वाचून दाखवला तेव्हा ह्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. म्हणाले, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.” इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या शेऱ्याचा अर्थ हाच आहे. सरकारने लिहून दिलं, म्हणजे दोष आपल्या रक्तातच असणार. त्यांचा आजार जितका कुपवाड्याने वाढवला, तितकाच त्या शेऱ्यानेही वाढवला असं माझं ठाम मत आहे.

थकबाकीतून आम्ही पुण्यात एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच भेटीत मलाही आत बसवलं आणि सुरुंगाच्या दिवसाबद्दल विचारलं. त्या दिवशी हे बोलले नाहीत. पुढे बोलले, थोडं थोडं. गोळ्या आजही आहेत, कमी झाल्या. दिवाळीत उसात जातात, पण सांगून जातात.

आता काही गोष्टी बदलल्या आहेत. 2022 साली सरकारने 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची फोनसेवा सुरू केली. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात फौजेतल्या लोकांसाठी तिची वेगळी शाखा झाली. तरुण जवान फोन करतील, करावाच. ह्यांच्या पिढीचा माणूस अनोळखी आवाजाशी आपल्या रडण्याबद्दल बोलणार नाही. त्याच्यासाठी पॉलिक्लिनिकला मराठी बोलणारा समुपदेशक बसवावा, ठरलेला, दर खेपेला तोच. आणि मनाच्या आजाराचा बोर्ड बसेल तेव्हा बायकोचा किंवा आईचा जबाब घ्यावा. यासाठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

शेजारच्या गावातली एक मुलगी हल्ली रविवारी माझ्याकडे येते. माझीच विद्यार्थिनी. तिच्या नवऱ्याला याच वर्षी सेवामुक्त केलंय, शेरा तोच. मी तिला वही दिली आहे. कोणत्या सुट्टीत काय पाहिलं, पहिली झोप कधी गेली, तेव्हा पोस्टिंग कुठे होतं, हे आठवेल तसं ती लिहिते. पहिलं अपील नामंजुरीपासून सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. बोर्डाचे पूर्ण कागद अजून तिच्या हातात आलेले नाहीत. ते मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही लिहून ठेवलाय, सोमवारी ती पोस्टात टाकेल.