जन्मजात दोष

पित्ताशयातले खडे काढायचे म्हणजे अख्खं पित्ताशयच काढायचं. पूर्वी त्यासाठी बरगडीखाली लांब चिरा द्यावा लागे. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते दुर्बिणीतून काढलं, भारतात पहिल्यांदाच. आता तालुक्याच्या गावीही हे ऑपरेशन नेहमीचं झालंय. माझा त्यात हात बसला होता आणि तसा लौकिकही होता.

त्या बाई चाळिशीच्या. दुखणं अंगावर काढून काढून पित्ताशय सुजलेलं, आजूबाजूला घट्ट चिकटलेलं. या ऑपरेशनात पित्ताशयाची छोटी नळी बांधून कापायची असते. तिच्या शेजारीच यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका असते. सूज असली की दोन्ही एकमेकींना बिलगतात. पित्ताशय वर खेचलं की मुख्य नलिका ताणून सरळ होते आणि पडद्यावर अगदी छोट्या नळीसारखी दिसते. मला ती तशीच दिसली. क्लिप लावायला घेतली तर ती नळीवर पुरी बसेना. सिस्टर म्हणाल्या, "सर, मोठी देऊ का?" मी म्हणालो, "द्या."

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. क्लिप पुरत नाही याचा अर्थ नळी जाड आहे, आणि जाड आहे म्हणजे ती बहुधा मुख्य नलिका आहे. अमेरिकेतले सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच सांगून ठेवलंय की भोवतालची चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापू नका. मला हे पाठ होतं. २००३ मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनात पित्तनलिकेला झालेल्या अशा २५२ इजा तपासल्या, तेव्हा ९७ टक्के प्रकरणांत मूळ चूक हाताची नव्हती, नजरेला झालेल्या भासाची होती. नजर फसतेच, म्हणून तर तो नियम आहे. मी तो पाळला नाही, कारण पुढची केस टेबलावर यायची होती आणि पोट उघडावं लागणं मला कमीपणाचं वाटायचं. पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर येता आलं असतं. ज्येष्ठ सर्जनना फोन करता आला असता.

दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये पित्त उतरलं. मग डोळे पिवळे झाले. बाईंना मोठ्या शहरात हलवलं. तिथल्या तज्ज्ञांनी लहान आतड्याचा भाग वर आणून यकृताजवळ उरलेल्या नलिकेला जोडला. बाई वाचल्या, पण दोन महिने अंथरुणाला खिळून राहिल्या, आणि घरच्यांना कर्ज झालं.

त्यांना हलवायच्या आधी नवऱ्याने व्हरांड्यात विचारलं होतं, "डॉक्टर, असं कसं झालं हो?" मी सांगितलं, "त्यांच्या नळ्यांची रचना जन्मापासूनच वेगळी आहे." डिस्चार्ज कार्डावरही तेच लिहिलं. काहींची रचना खरोखरच वेगळी असते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. बाईंची नव्हती.

काही वर्षांनी त्या पुन्हा माझ्या ओपीडीत आल्या. सोबत लेक होती, लग्न ठरलेली. "साहेब, माझ्यासारखा दोष हिच्यात असेल तर आत्ताच कळू दे," त्या म्हणाल्या. "सासरी गेल्यावर निघाला तर पोरीलाच बोल लागतील." मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला काहीही होत नव्हतं. माझ्या खोटेपणाचा धाक ती एवढी वर्षं बाळगून होती, आणि आता तो हुंड्यासारखा सासरी न्यायला निघाली होती.

मी नर्सना बाहेर पाठवलं आणि मायलेकींना सगळं सांगितलं. कोणती नळी होती, कोणती मी कापली, आणि दोष त्यांच्यात कधीच नव्हता, हे सगळं. बाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हिला काही नाही ना?"

"नाही."

"तेव्हाच सांगायचं होतं, साहेब. मी देवाला बोल लावत बसले."

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही, आणि मला ते विचारायचा हक्क नव्हता. मग लेटरहेड घेऊन नवीन कागद लिहिला. शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला माझ्या हातून इजा झाली, रचना सामान्य होती, आणि पुढे थंडी-ताप किंवा कावीळ झाली तर जोड आवळला आहे का ते आधी पाहावं. खाली सही, शिक्का, तारीख. जुनं कार्ड त्यांनी माझ्यासमोरच त्या कागदाला टाचून पिशवीत ठेवलं.