पैनगंगेच्या कांठीं पितळी स्टोव्ह

यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगेनेंच आंखून दिली आहे. बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून ही नदी पूर्वेकडे वाहत येते व शेवटीं वर्धेस मिळते. उमरखेड तालुक्यांत मुरली गांवाजवळ तिचें पात्र काळ्या खडकावरून एकाएकीं खालीं कोसळतें. तेथें तिच्या इतक्या धारा होतात कीं लोकांनीं त्या स्थळास सहस्रकुंड हें अन्वर्थक नांव दिलें. पलीकडचा तीर नांदेड जिल्ह्याचा. भर पावसाळ्यांत प्रपात भव्य दिसतो खरा, परंतु मुलांबाळांसह जाणारांस आश्विन-कार्तिकाचे दिवसच बरे. पाणी निवळलेलें असतें, वाटा वाळलेल्या असतात आणि ऊनहि सोसवतें.

यवतमाळहून आर्णी, महागांव व उमरखेड अशी वाट आहे. आर्णीस अरुणावतीचें दर्शन होतें. पुढें दुतर्फा फुटलेल्या कपाशीचीं शेतें आणि मधूनमधून सागाचें रान लागतें. पूर्वीं अशा सहलींत तीन दगडांची चूल मांडून वाळक्या काटक्यांवर पिठलें-भात रांधीत. आतां तसें करूं नये. राखीव जंगलांत विस्तव पेटविण्यास १९२७ च्या वन कायद्याचा प्रतिबंध आहे, आणि तो सकारण आहे. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळून भूमीवर त्यांचा थर सांचतो, व एका ठिणगीनें कोसभर रान पेटूं शकतें. स्टोव्हहि शेवटीं अग्नीच. म्हणून तोहि रानांत पेटवूं नये. रानाबाहेर एखाद्या शेतकऱ्याची अनुज्ञा घ्यावी आणि पालापाचोळा नसलेल्या उघड्या, सपाट जागेवर स्वयंपाक मांडावा.

अशा प्रवासास जुना पितळी स्टोव्ह फार सोयीचा. स्वीडनांत फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं १८९२ सालीं ‘प्रायमस’ स्टोव्ह सिद्ध केला. यांत वात नसते. पंपानें टाकींत हवा कोंडली म्हणजे तेल नळींतून वर चढतें, तापलेल्या बर्नरांत त्याची वाफ होते, आणि ती निपलाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून निळ्या ज्योतीनें जळते. अमुंडसेन १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हां त्याच्याबरोबर असेच स्टोव्ह होते. १९५३ सालीं हिलरी व तेनसिंग यांनीं एव्हरेस्टवरील अखेरच्या तळावर बर्फ वितळविलें तेंहि अशाच स्टोव्हवर.

परंतु हिमप्रदेशांतील स्टोव्ह आणि वऱ्हाडांतील स्टोव्ह यांत एक भेद आहे, व आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. रॉकेल, ज्यास इकडे मातीचें तेल म्हणतात, तें साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापलें म्हणजे त्याची वाफ पेट घेण्याइतकी दाट होते. यवतमाळास वैशाखांत सावलींतच पारा ४० च्या वर जातो. मग उन्हांत ठेविलेल्या डब्याची गोष्ट काय सांगावी! थंड देशांत जें तेल काडी लावूनहि सहजीं पेटत नाहीं, तेंच आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारीं पेट्रोलासारखें वागूं लागतें. म्हणून तेलाचा डबा सावलींत ठेवावा, स्टोव्ह थंड असतांनाच भरावा, सांडलेलें तेल पुसून तें फडकें दूर टाकावें, आणि जागा बदलून मगच काडी ओढावी. हल्लीं रेशनचें रॉकेल दुर्मिळ झालें म्हणून कोणी पेट्रोल घालूं पाहतात. रॉकेलच्या स्टोव्हांत पेट्रोल घालणें म्हणजे उघड मृत्यूस आमंत्रण होय.

घरून निघण्यापूर्वीं पंपाचें चामडी वॉशर तेलाच्या थेंबानें मऊ करावें. मग स्टोव्ह न पेटवितां थोडी हवा भरून सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर तो स्टोव्ह दुरुस्त केल्याविना नेऊं नये. टाकी दोन तृतीयांशांहून अधिक भरूं नये, व तेल नरसाळ्यावर फडकें धरून गाळून घ्यावें.

पेटवितांना हवेची चावी उघडी ठेवावी व वाटींत स्पिरिट घालून तें पेटवावें. तें विझत आलें म्हणजे चावी बंद करून बेताचे कांहीं हात मारावेत. बर्नर पुरता तापण्याआधींच पंप मारला तर वाफेऐवजीं तेलच वर येतें आणि पिवळा, धुरकट भडका उठतो. घरोघरीं झालेल्या अपघातांचें मूळ पुष्कळदां या उतावळेपणांतच असतें. भडका उठतांच चावी उघडून हवा सोडावी, मागें सरावें आणि स्टोव्ह निवूं द्यावा. स्पिरिटची ज्योत उन्हांत डोळ्यांस दिसत नाहीं. वाटी विझली असें समजून बाटलींतून पुन्हां स्पिरिट कदापि ओतूं नये. वाऱ्याचा आडोसा स्टोव्हास चिकटवूं नये, नाहींतर टाकी तापते. तंबूंत किंवा मोटारींत स्टोव्ह पेटवूं नये. तेथें कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायु सांचतो.

स्वयंपाक करणारानें सुती कपडे घालावेत, पदर खोंचावा, व मुलांना चार हात दूर बसवावें. जवळ वाळूची बादली व जाड घोंगडी असावी; पेटल्या तेलावर पाणी ओतूं नये. कपड्यांस आग लागल्यास धांवूं नये. जमिनीवर लोळावें, किंवा इतरांनीं घोंगडींत गुंडाळावें. भाजलेल्या भागावर २० मिनिटें थंड स्वच्छ पाणी वाहूं द्यावें. हळद, शाई, तूप यांपैकीं कांहींहि लावूं नये. जखम मोठी असल्यास तत्काळ दवाखाना गांठावा; आणि उमरखेडपर्यंतचें अंतर आधींच लक्षांत घेऊन वाहन तयार ठेवावें.

आमच्या एकत्र कुटुंबांत स्टोव्ह पेटविण्याचें काम बहुधा घरांतील सर्वांत घाईंत असलेल्या सुनेकडे येतें. सहलींत तरी पुरुषांनीं तें स्वतःकडे घ्यावें. संस्कृतांत अग्नीस पावक म्हणतात तसें सर्वभक्षहि म्हणतात. तो कोणत्या नांवास जागतो तें पेटविणाराच्या सावधपणावर ठरतें. भात उतरला म्हणजे चावी उघडून ज्योत विझवावी, स्टोव्ह पुरता निवल्यावर तेल डब्यांत काढून घ्यावें, आणि मगच पात्राकडे निघावें. धारा वाहतच असतात. त्या पाहण्यास पाव घटका उशीर झाला तरी कांहीं बिघडत नाहीं.