ह्यांचे रूळ, आत्याबाईंचं गाव

आमच्या येलदरीला आगगाडी नाही. जिंतूरलाही नाही. गाडी बघायची म्हटली तर परभणी गाठावी लागते, नाही तर हिंगोली. इथे आहे ते पूर्णा नदीवरचे धरण, त्याच्या पायथ्याचे साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी बघायला येणारी गर्दी. अशा गावात राहणाऱ्या माणसाला वेड लागावे ते नेमके आगगाडीचे! आणि नुसत्या आगगाडीचे असते तरी चालले असते. जुनी इंजिने, बंद पडलेले रूळ, लढाईतले रणगाडे, सैनिकांच्या कबरी, असे सगळे ह्यांना बघायचे असते.

ह्यांचे जिंतूरला मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, त्यातून चार पैसे उरले की सुटीत कुठे तरी निघायचे. मी गावात शाळेवर तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. मानधन कधी वेळेवर, कधी नाही. म्हणजे आमच्याकडे उधळायला पैसा आहे असे कुणी समजू नये.

हे वेड मला कळले ते लग्नानंतर दीड महिन्याने. ‘चल, फिरून येऊ,’ म्हणाले. मला वाटले, महाबळेश्वर! नवी साडी काढली, मोगऱ्याचा गजरा केला. उतरलो ते अहमदनगरला. (आता अहिल्यानगर म्हणायचे.) भर एप्रिलमध्ये तिथल्या रणगाड्यांच्या संग्रहालयात मी गजरा माळून फिरत होते. लष्कराने 1994 साली उघडलेले हे संग्रहालय. रोल्स रॉइस म्हणजे राजेमहाराजांची मोटार एवढेच मला ठाऊक. इथे ती अंगावर चिलखत चढवून उभी! जपानी रणगाडा, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, आपल्या आवडीच्या कारखान्यातला विजयंता... ‘हात लाव, हात लाव,’ म्हणून हे मला आग्रह करत होते. लावला. चटका बसला. संध्याकाळी किल्ल्यात नेहरूंची खोली पाहिली. 1942 ते 1945 ते तिथे कैदेत होते आणि तिथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ती खोली मात्र मला मनापासून आवडली, पण रागाच्या भरात मी ते सांगितले नाही.

मग एका दिवाळीत पुण्याजवळ खडकीला युद्धस्मशानभूमी. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. राखलेली हिरवळ, एकसारखे दगड. सणासुदीला कुणी स्मशानात जाते का, म्हणून मी फाटकाजवळच बसणार होते. पण एका दगडावरचे वय वाचले. मग दुसऱ्यावरचे. वीस, एकोणीस, बावीस. माझ्या शाळेतून दहावी होऊन गेलेली पोरे त्याच वयाची. त्या दिवशी मी ह्यांच्याशी भांडले नाही.

मुर्तिजापूरला तर आम्ही बंद पडलेल्या गाडीचे नुसते रूळ बघायला गेलो होतो. शकुंतला म्हणतात ती. मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन तिने 1994 पर्यंत ओढले. आम्ही गेलो तेव्हा रुळांत गुडघ्याएवढे गवत होते. हे खाली वाकून खिशातल्या मोजपट्टीने रुळांतले अंतर मोजत होते आणि जाणारे-येणारे थांबून मला विचारत होते, ‘सर्व्हेवाले का हो बाई?’

मैत्रिणींनो, ही मोजपट्टी म्हणजे माझी सवत आहे. गेजचे अंतर मला पाढ्यासारखे पाठ झाले आहे. ब्रॉडगेज साडेपाच फूट, मीटरगेज एक मीटर, नॅरोगेज अडीच फूट. ह्यांचे लहानपण मीटरगेजवर गेले. मनमाडहून परभणीवरून हैदराबादेकडे जाणारी निजामाच्या काळातली ती गाडी 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाली, आणि पूर्णेहून हिंगोली-वाशिमवरून अकोल्याला जाणारी 2008 साली. पूर्णा जंक्शनला मामाच्या खांद्यावर बसून पाहिलेले काळे इंजिन हे अजून विसरलेले नाहीत. आमच्या धरणातून सुटलेले पाणी खाली त्या पूर्णा गावाजवळून जाते, म्हणून कालव्याला पाणी सोडले तरी ह्यांना इंजिनच आठवते!

तर मागच्या वर्षी मी सरळ सांगितले, ‘आता पुरे. थडगी आणि रूळ मी बघायची नाही. साठलेल्या पैशांत कपाट घ्यायचे.’ ह्यांनी वाद घातला नाही. दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर आत्याबाईंना म्हणाले, ‘माय, पंढरपूरला जायचं का? तिथून कोल्हापूरला आंबाबाईचंबी दर्शन करू.’

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरीच्या घरातल्या. गुडघे दुखतात, पण पांडुरंगाचे नाव काढले की उभ्या राहतात. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? कपाट राहिले. मी दशम्या केल्या, धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली. (दशमीचे पीठ पाणी अजिबात न लावता दुधातच भिजवावे. दोन दिवस मऊ राहते, प्रवासात फार उपयोगी.)

परभणीहून रात्रीची नागपूर-कोल्हापूर गाडी धरली. पहाटे मला जाग आली तर हे दाराशी उभे. बार्शीच्या आसपास होतो. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ही बार्शी लाइट! पांडुरंग हे निमित्त होते. ह्यांना त्या जुन्या नॅरोगेजच्या वाटेवरून जायचे होते!

पकडले गेल्यावर हे खुलले. आत्याबाईंना उठवून शेजारी बसवले आणि सांगायला लागले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 साली ही गाडी आधी कुर्डुवाडी ते बार्शी अशी काढली. नंतर ती 1906 ला पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. रुळांत अंतर अवघे अडीच फूट. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुझ्या स्वयंपाकघरातला ओटा दोन फुटांचा आहे. त्याहून अर्धा फूट जास्त, एवढ्याशा रुंदीवरून आषाढीला वारकरी जायचे. डब्यात मावले नाहीत तर टपावर बसायचे.’ लातूरकडचा भाग 2008 पर्यंत रुंद झाला आणि मिरजेकडचा त्यानंतर. आता ती बारकी गाडी कुठे दिसत नाही.

ह्याच कॅल्थ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स (नगरला पाहिलेल्या त्या रोल्स रॉइसमधला रोल्स हाच!) 1910 साली विमान पडून गेला. कॅल्थ्रॉपने ते इतके मनाला लावून घेतले की रेल्वेवाल्या ह्या माणसाने विमानातून उडी घेता येईल अशी हवाई छत्री तयार केली. ‘गार्डियन एंजल’ तिचे नाव. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली गेली. पण लढणाऱ्या वैमानिकांना सरकारने काही ती दिली नाही.

आत्याबाईंनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, ‘इठ्ठलाची गाडी काढली, म्हणून तशी बुद्धी झाली त्याला.’

पंढरपूरला दर्शन झाले, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी मिरजेला गाडी बदलून कोल्हापूरच्या पॅसेंजरमध्ये बसलो. माझ्या मनात आंबाबाईची ओटी. हातकणंगले गेले, रुकडी गेले आणि हे पिशव्या उचलायला लागले. ‘उतरायचं.’ पाटी वाचली, ‘वळिवडे’. बारकेसे स्टेशन. बाहेर रणरणते ऊन. गाडी निघून गेली आणि मी जे सुरू केले ते इथे लिहीत नाही. म्हाताऱ्या आईचे गुडघे, माझे कपाट, सगळे काढले. ह्यांनी मुकाट ऐकून घेतले, आत्याबाईंना सावलीच्या बाकावर बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, ‘माय, ह्या ठेसनावर एकाकाळी पाच हजार माणसं उतरली होती. बहुतेक बायका आन् लेकरं.’

पोलंडची माणसे ती. 1940 साली रशियाने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे घरातून उठवून मालगाड्यांत कोंबली आणि सैबेरियाकडे, कझाकस्तानकडे नेली. पुढे जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा त्यांना सोडले. त्यातली काही इराणमार्गे कराचीला आणि तिथून आपल्याकडे आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला ते मी वाचले होते. पण त्याहून मोठी छावणी आपल्या कोल्हापुरात होती, 1943 ते 1948, हे इतिहास शिकवूनही मला माहीत नव्हते. पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाचा धडा मी दरवर्षी घेते, त्यात हिटलर असतो, हिरोशिमा असते. वळिवडे नसते.

बराकींच्या रांगा होत्या, म्हणाले. शाळा, चर्च, दवाखाना, टपाल कचेरी, नाटकाचे थिएटरसुद्धा. पुरुष बहुतेक लढाईवर. बायांनी पाच वर्षे इथे संसार केला. माझा राग कुठल्या कुठे गेला असे म्हणणार नाही, पण मी पाटीकडे पुन्हा पाहिले. थंडीच्या मुलखातली बाई, काखेत पोर, भाषा येत नाही, आणि समोर हा आपला कोल्हापूरकडचा उसाचा मुलूख. पहिल्या दिवशी तिने चूल कशी पेटवली असेल? पोरांना काय घातले असेल? हे असले ह्यांना विचारून उपयोग नसतो. ह्यांना गेज विचारावे.

आत्याबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, ‘मग ती परत गेली का मपल्या गावाला?’

‘बहुतेक नाही गेली. लढाईनंतर सरहद्द बदलली. त्यांची गावं रशियात गेली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला.’

‘मंजी गाव हाय, पर देश गेला,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘आमचा देश हाय. गाव गेलं.’

हे आणि मी दोघेही गप्प झालो. आत्याबाईंचे माहेर आमच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण 1968 साली पुरे झाले, त्याच्या आधी गाव उठले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या. ह्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. येलदरीत राहून त्या कधी धरणाच्या भिंतीवर जात नाहीत. पाहुणे आले की आम्ही त्यांना पाणी दाखवायला नेतो, आत्याबाई घरी भजी तळतात.

रिक्षा करून छावणीच्या जागेवर गेलो. आता तिथे गांधीनगर आहे, कापडाची मोठी बाजारपेठ. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांना वसवले. एका घर सुटलेल्या माणसांच्या जागी दुसरी घर सुटलेली माणसे! 2019 साली वळिवड्यात त्या आठवणीचा स्तंभ उभारला, तेव्हा लहानपण इथे काढलेले काही जण म्हातारपणी पोलंडहून आले होते. आत्याबाईंनी स्तंभाला हात लावून नमस्कार केला. मग ह्यांना म्हणाल्या, ‘एवढ्या लांबून आले बघायला. मी तर हितंच राहते.’

आंबाबाईचे दर्शन झाले, ओटी भरली. स्वस्तात मिळाले म्हणून गांधीनगरहून दोन ब्लाउजपीस आणले, तेवढाच माझा फायदा.

मे महिन्यात धरणाचे पाणी बरेच खाली गेले. गावातले लोक सांगायला लागले की जुने ओटे उघडे पडलेत. एके दिवशी सकाळी भाकरी टाकताना आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘बाई, त्याला म्हणावं आज दुकान बंद ठेव.’

ह्यांच्या गाडीवर आत्याबाई, मी शेजारच्या मुलाच्या गाडीवर. पुढे चालत. वाळलेल्या गाळाला भेगा पडलेल्या, पायाखाली शिंपल्यांचा चुरा. मला वाटले, ह्यांना कसे चालवणार? पण त्याच पुढे. काठी टेकत थांबायच्या, इकडेतिकडे बघायच्या, पुन्हा निघायच्या. ‘हा मारुतीचा वटा. हितून वेशीकडं वाट. ही बारव असंल, बुजली.’ मला सगळीकडे सारखेच दगड दिसत होते. एका ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. दोन बाजूंना चिरे, मधे गाळात अर्धा रुतलेला उंबरठ्याचा लांब दगड.

‘हे आमचं दार.’

त्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. हाताने गाळ बाजूला करत राहिल्या, मीही बसून करू लागले. दगडात दाराचा खोलगट गोल खळगा निघाला, बोट फिरवले तर गुळगुळीत. ‘हितं म्या सागरगोट्या ठेवायची,’ म्हणाल्या.

ह्यांनी मोबाईल काढला होता, तो परत खिशात टाकला. कुठे बघावे ते त्यांना कळत नव्हते. तेव्हा आत्याबाईंनीच म्हटले, ‘तुझी ती पट्टी आणलीस का? माप घे ह्याचं.’

हे वाकले. एक टोक मी धरले. चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत.

‘सव्वातीन फूट, माय. मीटरला बोटभर कमी.’

‘लिहून ठेव,’ आत्याबाई म्हणाल्या. ह्यांच्याजवळ कागद नव्हता. माझ्या पर्समध्ये शाळेची टाचणवही होती, तिच्या मागच्या पानावर मी लिहिले. मग त्या एकेक सांगत गेल्या, तुळस कुठे, चूल कुठे, जाते कुठे, आणि आम्ही मोजत गेलो.