गोडं पाणी

आमच्या दारात अजून एक फियाट उभी आहे. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण गावात तिला कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. '84 सालचं मॉडेल. मीटर पाचच आकडी, त्यामुळं 99,999 झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. तसा तो दोनदा फिरलाय. वर अजून अडतीस हजार झालेत.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचं. काळी जमीन, मालदांडी ज्वारी आणि पाण्याची बोंब. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी. 1994 साली त्यांनी फंडातून कर्ज काढून सोलापुरातून ही गाडी 45,000 रुपयांना घेतली. आईनं ओवाळलं, पण नंतर चुलीपाशी बसून म्हणाली, "एवढ्यात चार म्हशी आल्या असत्या." अण्णांचं उत्तर तयार असायचं, "अगं, ही आपल्या सोलापूरकराची गाडी आहे." त्यात खोटं नव्हतं. वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरातच जन्मले आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनीच 1944 साली काढली. गाडी तयार व्हायची कुर्ल्याला, पण अण्णांच्या लेखी ती घरचीच.

अण्णांनी गाडीसाठी दोनशे पानी वही घातली होती. हजेरीपटासारख्या रेघा मारलेली. तारीख, मीटर, काम, खर्च, शेरा. ऑइल बदलल्याची, पुढच्या चाकांना ग्रीस मारल्याची, पॉइंट घासल्याची नोंद त्यात असायची. उन्हाळ्यात फ्युएल पंप तापून पेट्रोल चढायचं बंद व्हायचं, त्यावर ओलं फडकं गुंडाळायचं. हे सगळं त्यांना विजापूर वेशीजवळच्या एका बोळातल्या मिस्त्रींनी शिकवलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गुरुजी, पेट्रोल कम-जादा चलता. लेकिन इसकू पानी मीठा होना."

इथंच आमच्या घरात भांडण शिरलं. दारातल्या बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नसे, आंघोळीच्या बंबाला आतून पांढरी खपली धरायची. गोडं पाणी होतं ते दीड किलोमीटरवरच्या मळ्यातल्या विहिरीत. तिथून ते आईनं आणि ताईनं डोक्यावरून आणायचं. आणि गाडीच्या वॉटर पंपातून थेंबथेंब गळायचं, त्यामुळं रोज तांब्या-दोन तांबे पाणी रेडिएटरमध्ये घालावंच लागे. गळती काढायची तर पंप बदलायचा, तो पुढच्या पगारावर ढकललेला. आईचा जीव तुटायचा. "माणसांना प्यायला न्हाई आन् गाडीला गोडं पाणी! आमच्या डोक्याला काय लोखंड बसवलंय व्हय?" अण्णा गप्प बसायचे आणि तांब्या ओतायचे.

2003 चा उन्हाळा आला तो सलग दुष्काळ घेऊनच. मळ्यातली विहीर तळाला गेली. टँकर आला तर आला. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, त्यामुळं सगळं पाणी आईवर. अण्णांचा गुडघा धरलेला, म्हणून गाडीचं बघणं माझ्याकडं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. एका सकाळी आई कळशी उतरवून उंबऱ्यावर बसली, तिला उठवेना. त्या दिवशी मी ठरवलं आणि कुणाला न सांगता बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायला लागलो. गोड्या पाण्याचा तांब्या गुपचूप माठात ओतायचा. गाडीला काय कळतंय, असं वाटलं.

गाडीला कळत होतं. तिनं सांगितलंही. तापमानाचा काटा पूर्वी मधे उभा राहायचा, तो दोन महिन्यांत मधल्या रेघेच्या पुढं सरकला. मला दिसत होतं. ऊनच तसं आहे, म्हणून मी सोडून दिलं.

मे महिन्यात एका रात्री ताईला कळा सुरू झाल्या. मंगळवेढ्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बाळ आडवं आहे, सोलापूरला न्या." 108 ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात आली ती 2014 साली. तेव्हा गावाची रुग्णवाहिका म्हणजे आमची फियाटच. साप चावलेली, विंचू चावलेली, अडलेली कितीतरी माणसं तिनं नेलेली. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागं आईच्या मांडीवर ताईचं डोकं.

माचणूरच्या अलीकडं काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. अण्णांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. आईनं प्रवासासाठी घेतलेला फिरकीचा तांब्या पुढं केला. "घाला हे."

"आत्ता नको. तापल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेड फुटंल. मग सकाळपर्यंत इथंच."

वीस मिनिटं आम्ही थांबलो. ताई कण्हत होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत विठ्ठल-विठ्ठल करत होती. ती गाडीला एक शब्द बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. कारण मला माहीत होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. अण्णांनी झाकणावर ओलं फडकं टाकलं, जरा सैल केलं, वाफ सोडली, पुन्हा जरा सैल केलं. आईचा तांब्या आत गेला. एका ट्रकवाल्यानं थांबून त्याचा कॅन दिला. मग बेगमपूरचा भीमेचा पूल ओलांडून, दर दहा-बारा किलोमीटरला थांबत, काट्याकडं बघत आम्ही पहाटे सोलापूर गाठलं. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

तिसऱ्या दिवशी गाडी चाचांकडं नेली. त्यांनी रेडिएटर उतरवला, वरची टाकी झाळ सोडवून उघडली. आतल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या खपलीनं बुजलेली, आमच्या बंबासारखी. चाचांनी बोटानं खपली काढून जिभेला लावली आणि विचारलं, "खारा पानी कौन डाला?"

मी खाली बघत होतो. अण्णा म्हणाले, "दुष्काळ आहे, चाचा. मीच घातलं."

चाचांनी नळ्यांतून पातळ सळई घालून एकेक नळी मोकळी केली, टाकी पुन्हा झाळली, वॉटर पंप बदलला. अण्णांनी तो पंप उधारीवर घेतला. येताना गाडीत अण्णा माझ्याशी पावसाबद्दल बोलले. पाण्याचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि पुढंही कधी काढला नाही. मीही कबूल केलं नाही. तेरा वर्षं.

अण्णा 2016 साली गेले. दिवस झाल्यावर मी वही उघडली. 2003 चं पान काढायला हात धजत नव्हता. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रेडिएटर साफ, पंप नवा. खारे पाणी. पोराचा दोष नाही. विहीर लांब आहे.'

खाली पुढची नोंद त्याच जूनमधली: 'पत्र्याला पन्हळ, खाली दोन पिंपे. पावसाचे पाणी.'

ती पन्हळ मला आठवत होती, पण ती गाडीच्या वहीत असेल असं वाटलं नव्हतं. शाळेच्या जुन्या पत्र्यातून अण्णांनी ती स्वतः वाकवून बसवली होती. त्या पावसाळ्यात पहिलं पिंप भरलं तेव्हा आईनं त्या पाण्यात डाळ शिजत घातली आणि ती अर्ध्या तासात गळाली. त्यानंतर एक पिंप गाडीचं आणि एक चुलीचं. गाडीला लागायचं ते थोडंच, पिंपं रिकामी व्हायची ती चुलीपायी. आणि भांडण मिटलं ते कायमचं.

आता गाडीला कुलंट घालतो. पार्ट मिळत नाहीत, सोलापुरातल्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. 2024 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं. पूर्वी 600 रुपये लागायचे, तेव्हा 5,000 लागले, आणि पर्यावरण कर वेगळा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्या रात्री जन्मलेली भाची आता शिकायला पुण्यात असते. ती आली की म्हणते, "मामा, भंगारात दे की आता. किती खर्च करतोस!"

तिचं हिशेबानं बरोबर आहे. गेल्या दिवाळीत मी तिच्यापुढं वही ठेवली आणि 2003 चं पान दाखवलं. तिनं वाचलं. पाणी कुणी घातलं होतं ते मग मी सांगितलं, आईसमोरच. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक हुतं. माठ भरलेला दिसायचा की."