मनमाड रस्त्यावरील स्नेहाचे घर

पुण्याहून सुमारे 120 किलोमीटरवर असलेले अहमदनगर, म्हणजेच 2024 पासूनचे अहिल्यानगर, वाचकांपैकी अनेक कुटुंबांना परिचित आहे. आनंदधाम येथे आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या स्मृतीस वंदन करावे, त्यांच्या नावाच्या रुग्णालयात कोणी आप्त असल्यास भेटून यावे, कापड बाजार आणि आडते बाजारातील व्यवहार उरकावेत आणि परतीची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. सवड असलेले भुईकोट किल्ल्याकडे जातात. 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवान होते. मात्र मनमाड रस्त्याने औद्योगिक वसाहतीकडे पाहुणा सहसा वळत नाही. त्या वसाहतीत, कारखान्यांच्या सान्निध्यात, ‘स्नेहालय’ ही संस्था आहे.

1989 मध्ये गिरीश कुलकर्णी या तरुणाने आपल्या सहकाऱ्यांसह हे कार्य आरंभिले. शहरातील देहविक्रीच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलांना रात्री सुरक्षित छप्पर मिळावे आणि आईच्या वाट्याचे जिणे त्यांच्या वाट्यास येऊ नये, ही त्यामागील प्रेरणा होती. पुढे एचआयव्हीबाधित मुले, फसवून विकल्या गेलेल्या मुली आणि लैंगिक अत्याचारातून वाचलेली बालके यांनाही येथे आधार मिळू लागला. नवजात अर्भकांसाठी ‘स्नेहांकुर’ हा दत्तक प्रकल्पही उभा राहिला.

अत्याचार सोसलेले मूल अशा निवाऱ्यात येते, ते कायद्याच्या एका निश्चित वाटेने. अत्याचारी घरातीलच असेल, किंवा मुलास सांभाळणारे कोणी नसेल, तर पोलिसांना 24 तासांच्या आत त्यास बालकल्याण समितीपुढे सादर करावे लागते. मुलाने घरी राहावे की अन्यत्र, याचा निर्णय समिती घेते. म्हणजे निवारा हा घराला सर्रास पर्याय नव्हे. घर सुरक्षित उरले नाही, तेव्हाचा तो आसरा होय.

छप्पर मिळाले, पोटभर जेवण मिळाले, म्हणून मूल सावरत नाही. रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, अभ्यासातून मन उडणे, कोणी जवळ येताच अंग चोरणे, असे परिणाम दीर्घकाळ राहतात. यात समुपदेशकाचे काम मुख्यतः धीराचे असते. मुलाकडून हकीकत वदवून घेणे हा त्याचा हेतू नसतो. खेळ, चित्रे, शाळा आणि ठरलेली दिनचर्या यांतून मुलास हळूहळू दोन गोष्टी उमगाव्या लागतात: झाल्या प्रकारात त्याचा दोष नव्हता, आणि त्याच्या बोलण्यावर मोठ्यांचा विश्वास आहे.

तिसरा आधार न्यायालयातील. 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात असलेला ‘पॉक्सो’ कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास, मुलगी असो वा मुलगा, संरक्षण देतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो. घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जावेत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा, अशीही तरतूद आहे. 2020 च्या नियमांनुसार या सर्व प्रवासात मुलासोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमता येते. महाराष्ट्रात 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘मनोधैर्य’ योजनेतून आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्यही मिळू शकते.

व्यापारी कुटुंबांत वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त अशा संस्थांत जेवण देण्याची सुंदर प्रथा आहे. ती अवश्य पाळावी. मात्र दात्याने काही मर्यादाही पाळाव्यात. पंगतीतील मुलांची छायाचित्रे काढू नयेत, आणि ‘बाळ, तू इथे कशी आलीस?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. अशा मुलांची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. दान देणाऱ्याला मुलाची कथा ऐकण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

यापुढील गोष्ट सांगण्यास अधिक अवघड आहे. 2007 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातील असल्याचे आढळले. बहुतेक मुलांनी तर कोणालाच काही सांगितले नव्हते. एकत्र कुटुंबात, पेढीवरील माणसांच्या राबत्यात, शिकवणीच्या खोलीत मूल काही सांगू पाहते, तेव्हा ‘घराण्याची अब्रू’, ‘बहिणीचे लग्न’, ‘भागीदारी तुटेल’ अशी कारणे पुढे येतात आणि मुलाचे तोंड बंद केले जाते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच मौनाची शिक्षा मिळते; अत्याचारी मात्र त्याच पंगतीस बसतो. असा गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळविणे हाच एक गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. घराण्याची अब्रू जपावयाची, तर ती त्या मुलाच्या पाठीशी उभे राहूनच जपता येते.

नगरला जाणाऱ्या कुटुंबाने पुढील खेपेस संस्थेस आधी कळवून मनमाड रस्त्याकडेही वळावे. तेथे धान्य, कपडे, देणगी जे देता येईल ते द्यावे. आणि घरी परतल्यावर मुलांना जवळ बसवून 1098 हा बालसाहाय्याचा निःशुल्क क्रमांक पाठ करून घ्यावा. कोणाविषयी काहीही सांगावेसे वाटले तर आई-बाबा रागावणार नाहीत, हेही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.